पूर्ण उजेड

माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम टाकून मी तो वडिलांना दिला. सकाळी पेपर वाचायला त्यांना तो पुरे होता. फक्त स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं चालेनात. "लय अंधुक आहे रे," ते रोज म्हणायचे आणि मी रोज "बघतो" म्हणायचो. दिवसभर परक्या लोकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करायची आणि घरी हे. दिव्याखाली अंधार.

शेवटी एका रविवारी पंचवटीतून भाजी आणून टाकली आणि बसलो. उजेडाचा आकडा एका फाइलमध्ये असतो. बटण दाबलं की तो वाढवायचा किंवा घटवायचा, एवढंच करणारी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. आकडा कमाल मर्यादेच्या वर जाणार नाही हेही पाहिलं. दर वेळी बटण दाबल्याची नोंद ठेवणारी एक ओळ टाकली, ती निव्वळ सवयीनं. बटणं चालली आणि मी स्वतःवर खूश झालो.

बुधवारी वडील म्हणाले, "तुझी बटणं पुन्हा बिघडली. उजेड वाढतच नाही."

मी वैतागलो. "बाबा, तुम्ही भलतंच काहीतरी दाबलं असेल."

ते आंघोळीला गेल्यावर नोंदींची फाइल उघडली. रविवारी दुपारीच उजेड कमाल मर्यादेला पोचला होता. त्यानंतर तीन दिवस नुसतं वाढव, वाढव, वाढव. आकडा तोच. माझ्या डोळ्यांना ती स्क्रीन टोचत होती.

वडील मनमाडला रेल्वेचं इंजिन चालवायचे. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालं की इंजिनावरून खाली. म्हणून तपासणी जवळ आली की "दिसत नाही" हे शब्द आमच्या घरात कुणी काढायचे नाहीत. आई रोज त्यांच्या पानात गाजर वाढायची. निवृत्तीला कितीतरी वर्षं झाली, पण नियम तसाच राहिला.

डोकं पुसत ते येऊन लॅपटॉपसमोर बसले. मी विचारलं, "बाबा, आजची मोठी बातमी काय?"

ते स्क्रीनकडे वाकले आणि खडाखडा वाचू लागले. काल जेवताना मीच त्यांना वाचून दाखवलेली बातमी होती ती, शब्दाला शब्द. स्क्रीनवर नोंदींची फाइल तशीच उघडी होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती मोजली.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "तेवढा उजेड वाढव. मग काही अडचण नाही."

"बाबा, उजेड पूर्ण आहे. रविवारपासून."

त्यांनी स्वतःच उजेडाचं बटण आणखी दोनदा दाबलं. मग टॉवेलची घडी घालत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तपासणीला कधी जायचं?"