बिनकाडीचं दुधळ

वनस्पतिशास्त्र मी शिकलेली नाही. मॅट्रिक झाले, ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा दिली आणि अब्बांच्या बाइंडिंगच्या दुकानात हिशेबाच्या चोपड्यांवर नावं रंगवत बसले. कोल्हापुरात तेव्हा मुलीनं दुकानात बसणं फारसं कुणाला आवडत नसे. पण आमच्या दुकानाला मागून एक खोली होती, तिथं मी असायचे. पुढं अब्बा आणि पुस्तकं दाबायचा त्यांचा शिकंजा, मागं मी आणि माझा टाक.

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं काम अब्बांकडे होतं. तिथं वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून कपाटात ठेवत. खळीत मोरचूद किती घातलं म्हणजे कागदाला कसर लागत नाही, हे अब्बांच्या हाताला ठाऊक होतं. त्या कामासाठी विभागातले सर दुकानात येत. एकदा ते मागच्या खोलीत डोकावले, माझी एक रेघ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि अब्बांना म्हणाले, "ही रेघ मला पाहिजे." अब्बांना वाटलं, कागद पाहिजे. त्यांनी तो गुंडाळून द्यायला घेतला.

अशी मी विभागात जाऊ लागले. आठवड्यातून तीन दुपारी, चित्रामागं ठरलेले पैसे. वरच्या मजल्यावरची शेवटची खोली, भिंतीला लाकडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, आणि दारावर सरांच्या हातचा कागद: पंखा लावू नये. या कागदाकडे मी पुढं दुर्लक्ष केलं, म्हणून हे सगळं सांगायला मिळतंय.

सरांना मोतीबिंदू झाला होता. तरी ऑपरेशन ते पुढं ढकलत होते, कारण एप्रिलअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना एक काम उरकायचं होतं. ते काम म्हणजे एक फूल.

तरुणपणी सर झाडं गोळा करायला हिमालयात गेले होते. बर्फ वितळून नुकत्याच मोकळ्या झालेल्या एका कुरणावर त्यांना ते दिसलं. डँडेलियन नावाच्या पिवळ्या रानफुलाच्या घराण्यातलं होतं, पण फारच लहान. सर त्याला दुधळ म्हणत, कारण देठ मोडला की त्यातून दूध येतं. ते पाहायला सर तिथल्या ओल्या गवतात पालथे पडले, तेव्हा बरोबरच्या वाटाड्याला वाटलं साहेब चक्कर येऊन पडले, आणि त्यानं पाय धरून त्यांना मागं ओढलं. ही गोष्ट सर मला दर आठवड्याला सांगत. दर वेळी वाटाड्या त्यांना थोडं जास्त लांब ओढत असे.

पाच रोपं त्यांनी आणली होती आणि एक मिटलेलं फूल, जे पुढं कागदाच्या पुडीतच पिकलं. असलं दुधळ पुस्तकात कुठं दिसत नाही, असं त्यांना तेव्हापासून वाटत होतं. पण मग नोकरी आली, लग्न आलं, पेपर तपासणं आलं आणि पुडी कपाटात राहिली. आता शेवटच्या वर्षी त्यांना त्याचं वर्णन लिहून, चित्रासह परगावच्या एका मासिकाकडे धाडायचं होतं. नवी जात ठरली असती तर नाव ठेवायचा मान त्यांचा होता. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी ठेवलेली नावं मुलांना पाठ करायला लावल्यावर माणसाला एवढं वाटणारच.

"माझे डोळे गेलेत," ते म्हणाले. "तू बघ आणि मला सांग. आणि नियम लक्षात ठेव. दिसतं ते काढायचं, माहीत आहे ते काढायचं नाही."

मला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे नियम पाळणं सोपं होतं.

ती रोपं मी महिनाभर बघितली. इतकं जवळून मी कुठल्या माणसालाही बघितलेलं नाही. सगळं मिळून दोन बोटं उंची, आणि जमिनीखालचं मूळ मात्र वरच्या रोपाच्या दुप्पट. पानं चहूबाजूंनी जमिनीला टेकलेली. पानांच्या कडेचे दात टोकाकडे नाही, तर मुळाकडे वळलेले, जणू पान घरीच परत निघालंय. मधून एकच पोकळ देठ, त्यावर एकच फूल. फूल म्हणायचं, पण प्रत्येक पिवळी पाकळी स्वतःच एक पुरं फूल, हे सरांनी सांगितलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका पाकळीकडेच बघत बसले. वाळून तपकिरी झालेल्या त्या रोपांत देठाच्या बुडाशी किंचित हिरवा रंग शिल्लक होता. टाक थांबवून मी खिडकीतून बाहेर बघायचे, तेव्हा समोरच्या मैदानाच्या जागी मला ते कुरण दिसे. थंडी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, कोल्हापुरात कुठली थंडी! तरी दुपारी दोन वाजता माझे पाय गार पडत.

मार्च निम्मा झाला तेव्हा फक्त फळ, म्हणजे बी, काढायचं राहिलं. सर म्हणाले, "दुधळाची ओळख फळावरच ठरते, म्हणून पुडी मी जपून ठेवली, अजून उघडलेली नाही. आत सात-आठ बिया असतील. सावकाश काढ." एवढं सांगून ते तासाला गेले.

मी पुडी उघडली. प्रत्येक बीवर पांढरा केसाळ झुबका, लहानपणी आपण ज्यांना म्हाताऱ्या म्हणतो, तसला. त्यांना तशाच ठेवून मी पानाच्या रेघा आधी पुऱ्या करायला घेतल्या, कारण शाई दौतीत सुकत चालली होती. उकाडा भयंकर होता. कपाळावरचा घामाचा थेंब कागदावर पडला असता तर महिन्याचं काम गेलं असतं. मी उठले आणि पंखा लावला. चित्र वाचवायचं एवढंच डोक्यात होतं. पुडी उघडी आहे, हे विसरले.

म्हाताऱ्या उठल्या.

आता खरं सांगते. बटण माझ्या हाताजवळ होतं. मी ते बंद केलं नाही. त्या एकेक करून वर गेल्या, उन्हाच्या तिरिपेत आल्या, तिथं थांबल्यासारख्या झाल्या आणि मग गोल फिरू लागल्या. इतकी वर्षं पुडीत बंद असलेल्या त्या माझ्या डोक्यावरून जात होत्या आणि मी तोंड वर करून बघत होते. किती वेळ, माहीत नाही. मला फार आनंद झाला होता. पुढं ज्याची लाज वाटली, ते हेच.

"कुणी लावलाय पंखा? हितं लावायचा न्हाय, ठाव न्हाय व्हय?" प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांचा आवाज जिन्यातून आला आणि मी बटण दाबलं. मामा दारातून बघून, पुटपुटत निघून गेले. मी गुडघ्यांवर बसून फरशीवरून, खिडकीच्या गजांवरून, कपाटाच्या बुडातून म्हाताऱ्या वेचल्या. सात मिळाल्या. देवाचे आभार मानून मी त्या पुडीत घातल्या आणि एक भिंगाखाली ठेवून चित्र काढलं. दिसलं तेच काढलं.

सर तासावरून आले, त्यांनी विचारलं, "बी आणि झुबका यांच्यामध्ये काडी किती लांब आहे?"

"काडी नाही सर. झुबका बीवरच बसलाय."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "परत बघ." मी दुसरी बी बघितली, तिसरी बघितली. काडी कुठंच नव्हती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. जगातल्या झाडून सगळ्या दुधळांच्या बीवर छत्रीच्या दांडीसारखी एक काडी असते आणि तिच्यावर झुबका असतो. बिनकाडीचं दुधळ आजवर कुणी पाहिलेलं नाही.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस सर वेगळेच होते. ते जिना चढताना गुणगुणत. मामांना त्यांनी चहा पाजला, आणि मामांनी मला विचारलं, "सरास्नी काय झालंय?" संध्याकाळी उशिरापर्यंत ते तोंडानं वर्णन सांगत आणि एक विद्यार्थी लिहून घेई. माझं चित्र त्यांनी भिंगानं स्वतः पाहायचा प्रयत्न केला, मग हसून परत दिलं. "तुझे डोळे तेच माझे डोळे," म्हणाले.

एका संध्याकाळी दुकानाच्या मागच्या दारात मी हात धुत होते. गटाराच्या कडेला पाथरी उगवली होती. पाथरी आपल्याकडे कुणालाही माहीत आहे, बांधावर येते, दुभत्या म्हशीला घालतात, कोवळी असली तर भाजीही करतात. तिचं पिवळं फूल दुधळाच्या नात्यातलंच दिसलं आणि मला हसू आलं. शेजारी दुसरं फूल पिकून त्याच्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. सहज एक उपटली. सरांचं छोटं भिंग माझ्या पिशवीत होतं.

काडी नव्हती. झुबका बीवरच बसला होता.

मग आठवलं, विभागाच्या खिडकीखाली, पन्हळीच्या खाचेत, पाथरी माजली होती. तिच्या म्हाताऱ्या मार्चभर खोलीत येत होत्या. मी फरशीवरून काय वेचलं होतं ते आता कळलं. 

दोन दिवस मी काही बोलले नाही. सर काय म्हणतील, ही भीती तर होतीच. पण त्यांचं ते गुणगुणणं बंद करायचं माझ्याच्यानं होत नव्हतं. त्यांना स्वतःला तर दिसत नाही. मी गप्प राहिले असते तर एप्रिल निघून गेला असता. मासिकातल्या लोकांनी पुढं कधी बी मागवली असती तर सरांची सगळीकडे नाचक्की झाली असती, आणि ती माझ्या रेघेमुळे.

तिसऱ्या दिवशी सरांनी ती सगळी कागदपत्रं दुकानात पाठवली. चित्र दुमडू नये म्हणून अब्बांनी दोन पुठ्ठ्यांचं पाकीट बनवायचं होतं. अब्बा कडा कापत होते, मी खळ ढवळत होते, आणि ढवळता ढवळता रडायला लागले. त्यांना सगळं सांगितलं. अब्बांनी खळीचा ब्रश उचलून पाण्यात ठेवला.

"मैं लिफाफा नै चिपकाता," ते म्हणाले. "तू पैले जाके बोल."

मी गेले. सर खिडकीजवळ बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पंखा, उन्हाची तिरीप, बंद न केलेलं बटण, पाथरी. काही सोडलं नाही. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "उडताना कशा दिसत होत्या?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी मिटलेलं फूल आणलं होतं," ते म्हणाले. "मला कधी उडताना दिसल्याच नाहीत. सांग."

मी सांगितलं. त्या कशा उठल्या, कशा थांबल्या, कशा फिरल्या. सर डोळे मिटून ऐकत होते.

पुडीतल्या सातही बिनकाडीच्याच निघाल्या, तेव्हा आम्ही दुधळाच्या खऱ्या बिया शोधायला लागलो. मामा शिडी घेऊन आले. "एवढ्याशा बीपायी साऱ्या खोलीचा झाडू करून घेतलासा की सर," असं म्हणत त्यांनी कपाटांच्या माथ्यावरची जळमटं अलगद एका कागदावर उतरवून दिली. त्यांत एक सापडली. मी ती भिंगाखाली धरली.

"काडी आहे?" सरांनी विचारलं.

त्या क्षणी त्या खोलीत फक्त मलाच दिसत होतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"आहे सर."

"किती?"

"बीच्या तिप्पट."

बीचा रंग, तिच्या डोक्यावरचे बारीक काटे, हेही त्यांनी विचारलं. मग त्यांनी एक लॅटिन नाव उच्चारलं. ते नाव त्या दुधळाला फार पूर्वीच कुणीतरी ठेवलेलं होतं. सरांनी मला ते रोपं चिकटवलेल्या कागदाच्या कोपऱ्यात लिहायला सांगितलं, अक्षरं एकेक करून सांगितली, आणि कपाट बंद केलं. एप्रिलअखेर त्यांना नारळ आणि शाल मिळाली.

मी नंतर विभागात गेले नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. माझंच मन होत नव्हतं. रस्त्यात पांढरी म्हातारी उडताना दिसली की मी मान खाली घालत असे.

दिवाळीच्या सुमारास सर दुकानात आले. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बरोबर सुट्या कागदांचा गठ्ठा होता, आयुष्यभराची टिपणं. "बांधून द्या," अब्बांना म्हणाले आणि मागच्या खोलीकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून गेले.

गठ्ठा अब्बांनी माझ्यापुढं ठेवला. सगळ्यात वर माझं चित्र होतं. तेच, चुकीचं, हिमालयाच्या रोपावर पाथरीची बी असलेलं. खाली सरांच्या मोठ्या, उतरत चाललेल्या अक्षरात वर्णन होतं. एरवी ते इंग्रजीत लिहीत, हे मराठीत होतं.

'उंची दोन बोटं. पानं जमिनीलगत. फूल पिवळं, एकच. फळ बिनकाडीचं. आढळ: कोल्हापूर, वरच्या मजल्यावरची खोली, मार्च महिना, दुपारी, पंखा चालू असताना. नाव: ठेवायचं राहिलं. उडताना पाहणारी: एकच.'

शिवताना सुई त्या पानाच्या रेघांना लागू नये म्हणून अब्बांनी तिथं समास जास्त सोडला.