अनसूयाबाईंनी गाळलेली ओळ

डॉक्टर गौतमी स्वतःच्या हातानं चहा ओतून देते म्हणजे तिला काहीतरी काढून घ्यायचं असणार, हे अनसूयाबाईंनी पहिल्याच शनिवारी ताडलं. पौड रस्त्यावरच्या या वीस खाटांच्या दवाखान्यात त्या सत्तावीस वर्षं सिस्टर होत्या. तेवढ्या काळात सात डॉक्टर आले नि गेले. सिस्टरला चहा कुणी पाजला नव्हता.

गौतमी बावधनहून यायची. वय जेमतेम तिशीचं, बोलणं लाघवी. "ज्याला जे येतं ते सगळ्यांना आलं पाहिजे," ती म्हणाली. "दर शनिवारी एकानं सांगायचं, जुईलीनं लिहून घ्यायचं, आणि तो कागद तपासणीच्या खोलीत लावायचा. उद्या कुणी रजेवर असलं तरी पेशंटचं अडायला नको."

रजेवर! तो शब्द बाईंच्या कानात जाऊन बसला. त्यांचं कंत्राट मार्चात संपणार होतं, आणि पुढचं कुणी काही बोलत नव्हतं. नेमकी आत्ताच ही जुईली, नर्सिंग शिकून आलेली कोवळी पोर, वही घेऊन त्यांच्या मागे मागे. सिस्टर, म्हाताऱ्यांची शीर कशी शोधता? सिस्टर, हे कशावरून ओळखलंत? बाईंच्या लेखी सगळं उघड होतं. डोक्यातलं एकदा कागदावर उतरलं की डोकं घरी पाठवता येतं, आणि कागदाला पगार लागत नाही.

तेव्हापासून त्या जुईलीकडे पाठ करून इंजेक्शन भरू लागल्या. टिपणांची निळी वही ड्रॉवरमधून पर्समध्ये गेली. गौतमी आणि जुईली दारात हळू बोलताना दिसल्या की विषय आपलाच, याबद्दल बाईंना खात्री असे. खरं तर त्या दोघी बहुतेक वेळा हातमोजे संपल्याचं बोलत असायच्या, पण हे संशयाला सांगणार कोण?

बाईंची पाळी आली श्रावणात. विषय सर्पदंश. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: डंखाची खूण शोधा, सूज बघा, रक्त गोठतंय का ते तपासा. चौथी सांगितली नाही. मण्यार चावली तर बहुतेकदा खूण दिसत नाही, सूजही येत नाही. जमिनीवर निजलेलं माणूस पहाटे पोटदुखीनं उठतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास बंद पडतो. ही गोष्ट त्यांना कुठल्या डॉक्टरनं शिकवली नव्हती, आणि ती कशी कळली हे त्यांनी घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तेवढी आपल्यापाशी राहू दे, मार्चात कामाला येईल, असं मनाशी म्हणत त्या चहा पिऊन मोकळ्या झाल्या.

कागद भिंतीवर लागला. खाली जुईलीनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती: अनसूया सिस्टर'. नाव कशाला घातलं, म्हणून बाईंना आणखी एक संशय आला.

दहा दिवसांनी सकाळी त्या कामावर येत होत्या. दवाखान्यासमोरच्या एसटी थांब्यावर ताम्हिणीकडच्या वाडीवरची बाळाबाई बसली होती, शेजारी तिचा मुलगा गोरख. एरवी बाळाबाई लांबूनच हाक मारायची. आज ती बोलली नाही. बाईंकडे बघायला तिनं हनुवटी वर केली. डोळे उघडत नव्हते, म्हणून अख्खी मान मागं टाकून ती बघत होती.

बाई झपाझप तिच्यापाशी गेल्या. "काय झालं रं हिला?"

"पहाटंपास्नं पोटात दुकतंय," गोरख म्हणाला. "मला वाटलं काय चावलं का काय. पर डागदरीणबाईंनी समदं आंग बघितलं, भितीवरला कागद बी बघितला. डंख न्हाई, सूज न्हाई म्हनल्या. पित्ताची गोळी दिलीया."

"निजली कुटं व्हती?"

"भुईवर. दुसरीकडं कुटं निजणार?"

"उचल तिला! चल आत!"

प्रतिविष सुरू झालं. अँब्युलन्स पुण्याकडे निघाली तेव्हा बाळाबाईचा श्वास अडखळायला लागला होता. शेजारी बसून अनसूयाबाई श्वास देणारा फुगा दाबत राहिल्या. पिरंगुट गेलं, भूगाव गेलं. हात भरून आले, तरी त्यांनी फुगा दुसऱ्या कुणाला दिला नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. बाळाबाई आपला आपण श्वास घेऊ लागली होती.

मग शनिवार आला. चहा ओतला, पण कुणी कपाला हात लावला नाही. भिंतीवरचा कागद गौतमीनं काढून टेबलावर ठेवला होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मण्यारीचं मी शिकले होते, तरी ऐन वेळी सुचलं नाही. आणि सिस्टरांना मी घाईत विचारलं. त्यांच्याकडून एक गोष्ट राहून गेली असेल."

हा सापळा आहे, बाईंच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. त्यांनी वर बघितलं. गौतमीचे डोळे लाल होते. जुईलीनं वहीसुद्धा उघडली नव्हती. सुटायला दार सताड उघडं होतं, नुसती मान हलवायची होती. बाईंना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"राहून गेली न्हाई," त्या म्हणाल्या. "ठेवून घेतली. सगळं सांगितलं की तुमी मला काढाल, असं वाटलं."

बाईंनी पेन घेतलं, कागदावर चौथी ओळ लिहिली. मग खालच्या आपल्या नावावर काट मारून तिथं लिहिलं, 'रूपाली'.

"ही कोण, सिस्टर?" जुईलीनं विचारलं.

"ताम्हिणीची. नऊ वर्सांची पोर. मी तवा नवी व्हते. पहाटंपास्नं पोट दुकतंय म्हनून आणली, अंगावर खूण न्हाई. मी औषध दिलं आन् घरी धाडली." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बापाच्या खांद्यावरनं मान वर करून माज्याकडं बघत व्हती. मला वाटलं, निरोप घेतीया. मी हात हलवला."