कुंकू लावलेला गोलकीपर

दुसऱ्याच्या रविवारची इतक्या मनापासून वाट लावणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करावं, रविवारी सकाळी पहिला चहा तोंडाला लावावा, आणि फोन वाजावा. "जावई, मोकळे आहात ना?" ह्याचा अर्थ, गाडी काढा. मामा स्वतः गाडी चालवत नसत. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये राहून गाडी न चालवणं म्हणजे कोकणात राहून मासे न खाण्यासारखंच. पण मामांचं म्हणणं असं, की इथली राउंडअबाउट्स सगळी सारखी दिसतात आणि आत शिरलेल्या माणसाला बाहेर कुठे पडावं ते सुचत नाही. मग मी त्यांना कुठल्यातरी गावच्या आइस रिंकवर घेऊन जायचं. बाहेर थंडी, आत त्याहून थंडी, हातात कागदी कपातली बेचव कॉफी आणि मांडीवर मामांचे आल्बम. लग्नात मला हुंडा नको होता, पण हे मामा येणार असं कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

ह्यावरून मामांना आइस हॉकीची आवड होती असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. त्यांना आवड होती ती हॉकीच्या कार्डांची. मॅच ही त्यांच्या दृष्टीने दोन इंटरव्हलांच्या आड येणारी भानगड होती. इंटरव्हल झाला की मामा टुणकन उठायचे आणि स्टॉलपाशी जमलेल्या दहा-पाच कार्डवेड्यांत मिसळून अदलाबदल सुरू करायचे. समोरच्याच्या हातातला गठ्ठा ते "आहे, आहे, आहे, नाही" असं पुटपुटत चाळत, आणि "नाही"ला त्यांचा आवाज असा कापरा होई की समोरचा इंग्रज मराठी न येताही भाव वाढवून बसे. हा नाद लागला तो निव्वळ दयेपोटी. फार वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे ह्या कार्डांचा एक खोका पडून होता. इथल्या पोरांना हवे फुटबॉलवाले; कॅनडातले हे हेल्मेटवाले कुणी विचारीना. मामांनी कळवळून एक पाकीट घेतलं, आणि मग आख्खा खोकाच घरी आणला. "बिचाऱ्यांना कुणी नाही हो इथे," असं ते मला अजूनही सांगतात, आणि ते कुणाविषयी बोलताहेत हे मी विचारत नाही.

जगातले संग्राहक कार्डं टीमप्रमाणे लावतात. मामांनी ती चेहऱ्यांप्रमाणे लावली होती. त्या खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून प्रत्येकात त्यांनी पुण्यातल्या आपल्या आळीतला माणूस शोधून काढला. पुढचे दोन दात पडलेला तो धिप्पाड गडी म्हणजे बर्वे वकील. झुपकेदार मिशांचा पिठाच्या गिरणीवाला. कायम पेनल्टी खाऊन बाकावर बसलेला तो त्यांचा वर्गमित्र गोखले. आळीत आता ह्यातलं कुणी उरलेलं नव्हतं, पण आल्बममध्ये सगळे शेजारी शेजारी नांदत होते. आणि पहिल्या पानावर, जाळीदार मुखवटा घातलेला एक गोलकीपर. "चेहरा दिसत नाही, पण काही म्हणून आत येऊ देत नाही," मामा म्हणायचे. "ही तुमची मामी."

मामी ह्या प्रकाराला विटल्या होत्या. "हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा लागते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पण गोलकीपरचं ऐकलं आणि त्या दसऱ्याला त्यांनी सूड घेतला. शिलाई मशीन, मिक्सर, मुलीची पुस्तकं ह्यांची पूजा झाल्यावर त्यांनी आल्बम पाटावर ठेवला, गोलकीपरला प्लास्टिकच्या खिशातून बाहेर काढलं आणि मुखवट्याच्या मधोमध ओल्या हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. संग्राहकांच्या जगात कार्डाला नखाचा ओरखडासुद्धा चालत नाही. मामा अंघोळ करून आले, पाहिलं, आणि मटकन खुर्चीत बसले. "अगं, निदान प्लास्टिकवरून तरी लावायचंस."

"मीच ना ती? मग प्लास्टिकला कुंकू लावून काय उपयोग?" मामी म्हणाल्या.

 पुढच्या दसऱ्याला मामांनी स्वतःच बर्वे वकिलांना बाहेर काढून मामींसमोर धरलं. मग दरवर्षी दोन-चार कार्डांची पूजा होऊ लागली.

मामी गेल्या आणि रविवारचा फोन यायचा थांबला. मामांची मुलगी एडिनबराच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. ती त्यांना न्यायला आली. "बाबा, माझा फ्लॅट छोटा आहे. हा सगळा स्टफ कुठे ठेवणार? प्लीज, कुणालातरी देऊन टाका ना." तिचंही चुकत नव्हतं. मामा हो म्हणाले आणि त्यांनी मला फोन केला. पैसे नकोत, म्हणाले, फक्त रोज बघणारा कुणीतरी हवा.

म्हणून मी त्यांना ब्रॅकनेलजवळच्या एका हॉलमध्ये भरलेल्या कार्डांच्या जत्रेला नेलं. तिथल्या विक्रेत्याने भिंग लावून पानं उलटली, आणि मुलांनी रंग सांडलाय का, असं अगदी अदबीने विचारलं.

"नो," मामा म्हणाले. "इट्स माय वाइफ."

तो बिचारा आधी सॉरी म्हणाला, मग म्हणाला की डागाची कार्डं वेगळी काढलीत तर उरलेली सगळी मी आनंदाने नेतो, नीट सांभाळतो. मामांनी पानावरून हात फिरवला. मग त्यांनी आल्बम मिटला. मला मराठीत म्हणाले, "एका आळीतली माणसं आहेत हो. अर्धी कशी काढून देऊ?"

 परतीच्या वाटेवर घराजवळच्या राउंडअबाउटवर मी वळायला लागलो तर मामा म्हणाले, "अजून एक चक्कर मारा." मी मारली. मग आणखी एक. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "तुमच्या लॉफ्टमध्ये जागा आहे का?" जागा नव्हती. मी आहे म्हणालो.

मामा एडिनबराला गेले. आता रविवारी चहा निवांत होतो आणि हातातल्या हातात गार होतो. मला मामांची फार आठवण येते, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. यंदाच्या दसऱ्याला तिने लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि व्हॅक्यूम क्लीनर ह्यांची पूजा मांडली, तेवढ्यात एडिनबराहून मामांचा व्हिडिओ कॉल आला. "आल्बम खाली काढलात का?" मी कंबर धरत लॉफ्टवर चढलो, आल्बम आणून पाटावर ठेवले आणि कव्हरला कुंकू लावायला गेलो.

"कव्हरला काय लावता? आधी गोलकीपर."

मी त्याला प्लास्टिकमधून बाहेर काढलं. मुखवट्यावर मामींचं बोट अजून होतं. कुंकू विटलेलं, हळद मात्र तशीच, थोडंसं तिरकं. मी करंगळी कुंकवात बुडवली आणि तिथेच थांबलो. फोनमध्ये मामा चष्मा पुसत होते.

"ह्याच्यावरच लावू का, मामा?"

"नको," ते म्हणाले. "बाजूला लावा. तिचं तसंच राहू दे."

मी बाजूला लावलं.