रामोजी अण्णांची टॉर्च

मेंटेनन्सवाल्यांकडे एवढे किस्से कुठून येतात, असं लोक विचारतात. अहो, सोपं आहे. प्रॉडक्शनवाल्यांचा माल ट्रकमध्ये बसून निघून जातो. आमच्याकडे काय राहतं? बिघाड! आणि प्रत्येक बिघाडामागे कुणीतरी एक अतिशहाणा असतो. एकवीस वर्षं मेटगळ्ळीच्या एकाच फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढल्यावर डोक्यात दुसरं काय साठणार? "बाई असून इलेक्ट्रिशियन?" असं कुणी विचारलं की मी त्याच्या हातात मल्टीमीटर देते आणि म्हणते, "घ्या, तुम्ही करा."

पण आज माझं नाही सांगत. आज आमचे सीनियर, रामोजी अण्णा. रिटायरमेंटला चौदा महिने राहिलेले. तेही म्हैसूरचे मराठी, मीही. आमचं मराठी म्हणजे दर चौथा शब्द कन्नड, तेव्हा नाक मुरडू नका. अण्णांचा एक नियम होता. खुशीत असले की मराठी, भांडायचं असलं की कन्नड. "एनु सार्?" म्हणजे 'काय साहेब?', एवढं तोंडातून निघालं की आम्ही पाने-पक्कड उचलून बाजूला सरकायचो.

*

सुरुवात कन्व्हेयरपासून झाली.

पॅकिंगची मोटर बदलली होती. पॅनेलच्या आत अंधार, आणि कंपनीची टॉर्च म्हणजे काय सांगू! रीचार्जेबल, पिवळी, दिसायला छान. उजेड मात्र उदबत्तीएवढा. अण्णांनी ३६ नंबरची वायर ३८च्या जागी लावली आणि ३८ची ३६च्या. मोटर कुठल्या बाजूला फिरते ते बघायचंही राहिलं. स्विच दाबला, आणि बंद करून पाठवलेले खोके एकामागून एक परत पॅकिंगच्या बायकांकडे यायला लागले!

एक बाई ओरडली, "अय्यो, गिऱ्हाइकानं नाही म्हटलं काय?"

सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त देशपांडे. हे आमचे सेफ्टी ऑफिसर, पुण्याहून नवीन आलेले, वय बत्तीस, खिशाला चार पेनं. त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. "मिस्टर रामोजी, तीन महिन्यांनी मेडिकल आहे. डोळ्यांच्या टेस्टमध्ये नापास झालात तर तुम्हाला स्टोअरमध्ये बसावं लागेल."

अण्णा बाहेर आले ते तोंड लाल करून. "आमच्या पणजोबांनी म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत मरेपर्यंत घोडा सोडला नाही. मी पॅनेल सोडून नट-बोल्ट मोजत बसू? डोळे ठीक आहेत माझे! उजेड कमी आहे."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा शिवरामपेटेच्या बाजारात गेले आणि नखाएवढा एक एलईडी घेऊन आले. आधीच्यापेक्षा दहापट उजेडाचा.

जेवणाच्या सुट्टीत टॉर्च उघडली. जुना बल्ब काढला, नवा सोल्डर केला, बटण दाबलं. अहाहा! समोरच्या भिंतीवरची कोळ्याची जाळी मोजता येईल असा उजेड! आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर जळका वास आला. आम्हाला वाटलं, कँटीनचं उप्पिट्टु, म्हणजे उपमा, खाली लागलं. कँटीनवाल्याला वाटलं, आमची मोटर जळाली. तो आमच्याकडे पळत आला, मी त्याच्याकडे पळत गेले, आणि मधल्या मध्ये टॉर्चचा प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर वितळून अण्णांच्या टेबलावर पसरला.

एवढा बल्ब तापणारच ना! एकतीस वर्षं मोटरी गार ठेवणारा माणूस तेवढंच विसरला. पण हार मानतील तर ते अण्णा कसले? स्क्रॅपमधून जळालेली मोटर आणली, तिच्या बॉडीवरची ॲल्युमिनियमची फिन, म्हणजे गार ठेवणारी पट्टी, कापली आणि बल्बच्या पाठीशी बसवली. उष्णता फिनमध्ये जायला लागली. टॉर्चला पाठीवर कल्ले फुटल्यासारखे दिसत होते.

"कशी दिसते?" मी विचारलं.

"दिसायला नाही केली," अण्णा म्हणाले. "बघायला केलीय."

*

स्टोअरकीपर नंजप्पा म्हणजे रजिस्टरचा गुलाम. वर्षाच्या तपासणीत त्यानं टॉर्च उलटसुलट केली. "ही आमची नाही. आमची एक वॅटची. ही घेऊन जा, आमची आणून द्या."

अण्णांनी बुडावर कोरलेला नंबर दाखवला. बेचाळीस. रजिस्टरमध्येही बेचाळीस.

"पण उजेड जास्त आहे!" नंजप्पा म्हणाला.

"मग? कमी असता तर तक्रार केली असतीस?"

नंजप्पानं आजवर एकाही अंधुक टॉर्चची तक्रार केली नव्हती. त्यानं गपचूप टिक मारली.

*

आता बल्ब मोठा आणि बॅटरी तीच, म्हणजे काय होणार? फुल चार्जवर टॉर्च बरोबर बारा मिनिटं चालायची. तेराव्या मिनिटाला ठार अंधार!

मग आमची कामाची पद्धतच बदलली. आधी बाहेर उभं राहून ड्रॉइंग वाचायचं, कुठली वायर कुठे ते पाठ करायचं, पाने क्रमानं मांडायचे, आणि मगच अण्णा म्हणायचे, "हच्चु!" म्हणजे लाव. त्या बारा मिनिटांत कुणी चकार शब्द काढायचा नाही. पाऊण तासाचं काम बारा मिनिटांत उरकायला लागलं, आणि कन्व्हेयर पुन्हा कधी उलटा फिरला नाही. एकदाही नाही, हे लिहून घ्या.

प्लांट मॅनेजर खूश झाले. "टीमला काय ट्रेनिंग दिलंत, रामोजी?"

"काही नाही सार्. सुम्ने, आपलं उगीच. बॅटरी कमी आहे."

*

देशपांडेंना हे कळलं आणि त्यांनी टॉर्च जप्त केली. "अनधिकृत बदल!" त्यांच्या कपाटात गेली, कुलूप लागलं. वर नवा नियम आला: फॅक्टरीतला कुठलाही बल्ब, अगदी ट्यूबलाइटसुद्धा, बदलायचा असेल तर फॉर्म भरायचा, आणि त्यावर देशपांडेंची सही घ्यायची. आठवड्यात त्यांच्या टेबलावर फॉर्मचा ढीग लागला. सही करायला वेळ कुणाला?

त्या दिवसांत मी अण्णांबरोबर पॅनेलवर जायचे. ते वायर धरायचे आणि हळूच विचारायचे, "सुमा, हा नंबर कितवा गं?" मी गप्पा मारल्यासारखं सांगायचे, "चव्वेचाळीस, अण्णा." शेजारच्याला कळू नये म्हणून. ज्या माणसानं मला पहिल्यांदा टेस्टर धरायला शिकवलं, त्यानं असं विचारायचं? मला देशपांडेंचा इतका राग आला की त्यांच्या केबिनचा पंखा बिघडला तेव्हा मी म्हटलं, "फॉर्म भरा."

*

मग हेड ऑफिसचे पाहुणे आले. देशपांडे त्यांना भर दुपारी केबलच्या तळघरात घेऊन गेले, सेफ्टी दाखवायला. तिथला दिवा गेलेला, त्याचा फॉर्म ढिगात. कंपनीची टॉर्च लावली, तर पाहुण्यांना स्वतःचे बूट दिसेनात.

खालून आवाज आला, "मिस्टर रामोजी! ती मोठी टॉर्च आणा लवकर!"

अण्णा जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. "एनु सार्? ती कपाटात आहे. चावी तुमच्या खिशात."

संध्याकाळी टॉर्च अण्णांच्या टेबलावर आली. कोण ठेवून गेलं, ते कुणी पाहिलं नाही. चार्ज मात्र फुल होती.

*

आणि मग मेडिकलचा दिवस उजाडला.

डोळ्यांची टेस्ट डॉक्टरीण बाईंच्या खोलीत. खोलीला खिडकी नाही. अक्षरांचा तक्ता समोरच्या भिंतीवर, आणि त्याच्या वरची ट्यूब महिनाभर मेलेली. फॉर्म भरलेला होता, कुठे पडला होता ते तुम्हाला ठाऊक आहे. कोपऱ्यातल्या टेबललॅम्पचा काय तो उजेड. अण्णांचा निकाल जातीनं बघायला देशपांडे फाइल घेऊन हजर. अण्णांना आणायच्या निमित्तानं मीही दारात.

अण्णांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला अडखळले.

देशपांडेंनी पेन उघडलं.

अण्णांनी खिशातून टॉर्च काढली आणि बटण दाबलं. तक्ता पांढराशुभ्र! तिसरी ओळ, चौथी, पाचवी, शेवटची, सगळं धडाधड वाचलं. थांबले नाहीत. तक्त्याच्या अगदी खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"फिट!" डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

"असं कसं?" देशपांडे उठले. "टॉर्च लावून टेस्ट चालणार नाही. हे मी मान्य करणार नाही!"

अण्णांनी टॉर्च बंद केली. उठले, खुर्ची हातानं झटकली आणि देशपांडेंकडे वळवली.

"बन्नी सार्, कूतकोळी. या, बसा. टॉर्चशिवाय तुम्ही वाचून दाखवा. सगळं वाचलंत, तर मी उद्यापासून स्टोअरमध्ये."

"अण्णा!" माझ्या तोंडून निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

देशपांडे बसले. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला, मान पुढे काढली. डॉक्टरीण बाई पेन धरून थांबल्या होत्या.

बऱ्याच वेळानं देशपांडे मागे न बघता हळूच म्हणाले,

"अण्णा... ती टॉर्च लावा ना जरा."