आज मला ओरडा बसला

मित्रांनो, व्यासपीठावरून मी आयुष्यभर लोकांना खडसावत आलो. 'रोज एक चांगली गोष्ट शोधा' हा उपदेश मला सुखवस्तूंची थेरं वाटायचा. पण बायको वारल्यापासून घर खायला उठतं. म्हणून मस्कतच्या लेकीने अट घातली, की रोज संध्याकाळी फोनवर एक चांगली गोष्ट सांगायची. मला खोटं जमत नाही, आणि आज दुपारपर्यंत सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

मग शेजारच्या जुबेदाभाभींचा डबा परत द्यायला गेलो. काल त्यांनी त्यातून तांदळाची वाफवलेली सांदणं पाठवली होती.

झाकण उघडून त्या दारातच कडाडल्या, "काय हो भाऊ, रिकामा डबा परत करतात काय? वहिनींनी एवढं पण नाही शिकवलं? जा, चिमूटभर साखर तरी घालून आणा!"

भल्याभल्यांना गप्प करणारा मी खाली मान घालून घरी आलो. साखर घालताना लक्षात आलं, हल्ली सगळे माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलतात. किती दिवसांनी कोणीतरी हक्काने ओरडलं!

लेकीला तेच सांगितलं. ती खूप हसली. फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं.

तुमच्यावर आज कोणी असं ओरडलं का? मग उलट उत्तर देण्याआधी जरा थांबा. अशी माणसं किती उरलीत?