यंत्राच्या तोंडाला बांधलेली पिशवी

बाळंतिणीनं उंबरठ्याबाहेर पाय ठेवायचा नसतो. मी ठेवला. कानाला फडकं, पायात मोजे, हातात आठ दिवसांची लेक आणि तोंडात शिव्या, अशी मी थेट पॅसेजमध्ये आले, आणि अख्खा मजला दारात उभा राहून पाहत राहिला.

बाळंतपणाला मी नागपुरात आईकडे आले होते, ऐन थंडीत. आईची इमारत उंच. अशा इमारतीत आगीची यंत्रणा बसवायची, ती चालू ठेवायची, दर सहा महिन्यांनी तपासून दाखला घ्यायचा, हा कायदाच आहे. म्हणून प्रत्येक पॅसेजच्या छताला धुराचं यंत्र. आईच्या दारासमोरच एक.

आत मी बाजेवर. बाजेखाली कोळशाची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशोपांची धुरी. खिडकी बंद, वर फटीत जुनं लुगडं कोंबलेलं. पहिल्याच दिवशी धुरी बाहेर गेली आणि यंत्र बोंबललं. सोसायटीचे सेक्रेटरी काका धावत आले. मला वाटलं, चला, शेगडी जाते आता. कसचं काय! "बाळंतीण हाये, शेकू द्या न तिले," म्हणाले, आणि स्टुलावर चढून यंत्रालाच प्लास्टिकची पिशवी बांधून दिली. समोरच्या मावशींनी खालून स्टूल धरलं. सगळे इतक्या मायेनं वागत होते की भांडावं तरी कोणाशी?

आणि मग ती सकाळ. धुरी विझली होती, कोळसे नुसते लाल होते, खोलीत धूर नावालाही नव्हता. तरी माझं डोकं फुटायला आलं, मळमळायला लागलं. लेकीला छातीशी धरलं तर ती ओढेना. तळव्याला टिचकी मारली तरी रडेना. मान अशी लुळी पडलेली.

"नजर लागली वं पोरीले," आई म्हणाली. "मीठमोहऱ्या उतरवू."

खड्ड्यात गेली नजर! मी उठले ती भिंतीला धरत धरत पॅसेजच्या उघड्या खिडकीशी गेले. गार वारा लागला तशी लेक शिंकली आणि मग जी रडली! मी पण रडले, मोठ्यानं. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोळशाचा वायू. त्याला रंग नाही, वास नाही.

परत आले तर काका दारातच. "ताई, पिशवी नसती तरी ते वाजलं नसतं. ते धुराचं यंत्र हाये. त्या वायूचं यंत्र घरात लावा, असं आपल्या कायद्यात कुठी हाये?"

बरोबर बोलत होते, म्हणूनच जास्त झोंबलं. "कायद्यात नसंल काका, माझ्या घरात असंल. अन् जे कायद्यात हाये, त्याच्या तोंडाले पिशवी कोणी बांधली?" काकांनी स्टूल आणलं आणि पिशवी सोडली.

आई मात्र पुन्हा शेगडी भरायला बसली. "आमी काय मेलो का वं शेगडीनं?"

"जे मेले त्याइले कोनं इचारलं, माय?"

रागात बोलून गेले. आईच्या हातातला चिमटा थांबला. माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती, अशाच थंडीत. दहा दिवसही जगली नाही. सटवाईनं नेली, एवढंच आमच्या घरात म्हणत.

तिनं चिमटा खाली ठेवला. "तिनं बी असंच दूध सोडलं होतं," म्हणाली. "तवाबी खिडकी बंदच होती वं."

मग उठली, फटीतलं लुगडं ओढून काढलं आणि खिडकी सताड उघडली. समोरच्या मावशी दारातून ओरडल्या, "अवं, बाळंतिणीले वारा लागंल, खिडकी लाव न!"

"लागू दे!" आई गरजली. "एक पोर गेली माही. आता हात लावून तर पाहा कोणी त्या खिडकीले!"