मामाचा फोटो कोणाचा

"माझ्या घोवाक आधी त्या काचेतसून भायर काढ, मगे बोल."

लालबागच्या भर नाक्यावर माझी मामी ओरडत होती. आता मामीचा आवाज म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ती आमच्या चाळीच्या गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारायची तेव्हा काळाचौकीतले भाजीवाले टोपल्या उचलून इकडे निघायचे. गिरणीचा भोंगा बिघडला की मॅनेजर मामीकडे माणूस धाडायचा असंही म्हणत. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण खोटं असायचं काही कारणही दिसत नाही.

तिच्यासमोर स्टुडिओच्या दारात फोटोवाला उभा होता. त्याच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, त्याची काचेची शोकेस. शोकेसमध्ये एका अंगाला हिरमुसलेली नवरी, दुसऱ्या अंगाला पालथं पडून मान वर केलेलं उघडं मूल, आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, माझा मामा. अंगात काळा कोट, हातात काठी, कोपर एका खोट्या खांबावर टेकलेलं, मागे रंगवलेला धबधबा. मामाने आयुष्यात धबधबा पाहिला होता तो एवढाच. कोट आणि काठी दोन्ही स्टुडिओची. मिशी मात्र स्वतःची, आणि ती अशी की धबधब्याकडे कोणाचं लक्षच जाऊ नये.

मी तेव्हा कोकणातून येऊन मामा-मामीकडे राहत होतो, आणि मामाच्याच गिरणीत कारकुनीला लागलो होतो. मामा साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. हा फोटो निघाला तेव्हा मामाने तो हळदीकुंकवाच्या तिळगुळासारखा वाटला. एक प्रत न्हाव्याच्या आरशात खोचली. तिथे बसलेली गिऱ्हाइकं 'ह्यांच्यासारखी मिशी करा' म्हणून सांगायची. एक खानावळीत, एक पानवाल्याकडे, एक गावी कोकणात, एक भजनी मंडळाच्या खोलीत देवाच्या तसबिरीखाली. मामी म्हणायची, जरा जपून, आपलं तोंड असं गावभर कशाला. मामा म्हणायचा, तोंड काय वाटल्याने झिजतं?

पुढे ते झिजलं नाही, पण अंगाशी आलं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मोर्चा परळहून निघाला त्या दिवशी मामा हातगाडीवर चढला आणि 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी एकेक घोषणा त्याने ठोकली. पुढे लाठीमार झाला, पळापळ झाली. त्या पळापळीत एका पोलिसाने काठी मामाकडे रोखली आणि दुसऱ्याला म्हणाला, तो मिशीवाला बघून ठेव. हे ऐकलं कोणी? मामाने. सांगितलं कोणी? मामाने. पण त्या दिवसांत कोणी पुरावा मागत नसे. पकडला गेला तर तुरुंग होताच, आणि तुरुंगातून सुटून यावं तर साच्यावर दुसरा माणूस उभा. बदलीवाले गिरणीच्या दारात रोज ताटकळत असायचेच. मामीला झोप लागेना ती ह्याने. मामाला तिने त्याच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे, प्रभादेवीला नेऊन लपवलं. मिशी काढा म्हणून हातापाया पडली, तर तो म्हणाला, त्यापेक्षा तुरुंग बरा.

आणि सगळ्या गिरणगावाला जो तो सीआयडी दिसू लागला. विडी घेऊन न पेटवणारा सीआयडी. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारा तर छापील सीआयडी. आमच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याला नवा चष्मा लागला, तर शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. स्वतःच्या भावाला 'कुठे गेला होतास' असं विचारलं तर तो आधी मागे वळून बघे.

अशात मामीला छत्रीवाला दिसला. पाऊस नाही, ऊन उतरलेलं, तरी काखेत छत्री. बारीक अंगाचा, टोपी घातलेला, रोज संध्याकाळी शोकेससमोर येऊन उभा राहायचा. नवरीकडे नाही, मुलाकडे नाही, थेट मामाकडे बघायचा. नाक काचेला लावून. मग हळूच निघून जायचा. मामीने दोन-चार संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरून पाळत ठेवली आणि मग ती रस्ता ओलांडून फोटोवाल्यावर धावून गेली. तोच आरडाओरडा मी वर सांगितला.

फोटोवाला काही साधा नव्हता. त्याचाही एक संशय होता, आणि तो त्याने वर्षानुवर्षं पोसला होता. परळमधला दुसरा एक स्टुडिओवाला आपल्या फोटोंचे फोटो काढून विकतो, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. म्हणून प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे त्याचा जांभळा शिक्का असे: नक्कल करू नये, काच जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील. काच म्हणजे मूळ निगेटिव्ह, ती तेव्हा काचेवर निघे. मामी फोटो मागायला आली तेव्हा त्याला वाटलं, हिला परळवाल्यानेच पाठवलंय.

तो मामीला म्हणाला, "बाई, काच माझी. औषधं माझी. उजेड माझ्या खिडकीतला. तुम्हाला प्रत दिली, ती तुमची. मूळ माझं, ते मी कुठेही लावीन."

"आणि त्येच्यावरचा तोंड?"

"तोंड तुमच्या मालकांनी आपणहून आणून दिलं. मी काय त्यांच्या घरी आलो होतो?"

मामीने मग विचारलं की तुझ्याकडे कोणीही येऊन ह्या काचेची प्रत मागितली तर तू देणार? फोटोवाला म्हणाला, का नाही देणार, शिक्क्यावर तसं छापलंयच. आणि सहज, पानावर चुना लावावा तसं, त्याने पुढे जोडलं की कालच एक छत्रीवाले गृहस्थ ह्याच फोटोची प्रत घेऊन गेले.

मामी तिथेच पायरीवर बसली. मी तिला त्याआधी कधी बोलता बोलता थांबलेली पाहिली नव्हती. लालबागचा नाका एवढा शांत झाला की चिवड्याच्या कढईतला तळणीचा आवाज ऐकू आला. नाव विचारलंस का, पत्ता घेतलास का, असं मी फोटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, प्रत मागणाऱ्याचं नाव कशाला विचारायचं, तो काय पोरगी मागतोय?

दुसऱ्या दिवसापासून मामीने दोन कामं हाती घेतली. पहिलं, वाटलेले फोटो परत आणायचे. न्हाव्याने आधी नाही म्हटलं. मिशीचा नमुना गेला तर गिऱ्हाईक कशावर बोट ठेवणार? मामीने आरशातून फोटो उपटला आणि आरसाही थोडा सोबत आला. खानावळीतली बाई फोटो देताना मामीकडेच संशयाने बघत होती. नवरा घरात नाही आणि ही बाई त्याचे फोटो गोळा करते म्हणजे ह्यात काहीतरी काळंबेरं आहे असं ती नंतर सगळ्या जेवणाऱ्यांना आमटीबरोबर वाढत राहिली. भजनी मंडळाने तर बैठक भरवली, कारण तसबिरीखालचा असल्यामुळे त्या फोटोला रोज उदबत्ती ओवाळली जायची आणि आता तो काढणं बरं की वाईट हे ठरेना. गावच्या प्रतीवर वाळवीने आधीच ताव मारला होता. सगळे फोटो मामीने शेगडीत घातले. पुठ्ठे जाड, धूर एवढा की शेजारच्या चाळीतून माणसं पाणी घेऊन धावली.

दुसरं काम काचेचं. मामीने चाळीतल्या बायका जमवल्या आणि स्टुडिओच्या पायरीवर नेऊन बसवल्या. बायका निवडणं-टिपणं घेऊनच गेल्या. घोषणा नाहीत, काही नाही. फोटो काढायला कोणी नवं जोडपं आलं की मामी त्या मुलीला जवळ बोलवायची आणि मायेने सांगायची, हयसर फोटो काढलंस तर तुझो घोव जन्मभर ह्या माणसाच्या काचेत रवतलो, मगे तू काय करतलस? जोडपं चालू लागायचं.

फोटोवाला शेवटी वाकला, पण मोडला नाही. तो म्हणाला, काच माझी ती मी देणार नाही. चित्र तुमचं म्हणता, तर चित्र घ्या. त्याने आतून मामाची काच आणली. घमेल्यात कढत पाणी ओतलं, धुण्याचा सोडा टाकला आणि सगळ्या बायकांदेखत काच त्यात सोडली. पाच-पन्नास बायका माना वाकवून बघत होत्या. आधी धबधबा सैल झाला. मग खांब, मग कोट. मिशी काही केल्या सुटेना. फोटोवाल्याने नखाने खरवडली तेव्हा कुठे ती निघाली आणि घमेल्यात एका अळीसारखी फिरत राहिली. मामीने स्वतःच्या हाताने ते पाणी गटारात ओतलं. काच लख्ख झाली, ती त्याने तिथल्या तिथे एका देवाच्या फ्रेमला बसवून टाकली. शोकेसमधला मोठा फोटोही मामीच्या हवाली केला. तोही शेगडीत.

म्हणजे जगात मामाचा आता एकच फोटो उरला, आणि तो छत्रीवाल्याकडे.

प्रत नेल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता, पण त्या दिवशी आलाच. संध्याकाळ झाली, शोकेसमध्ये नवरी आणि मूल ह्यांच्यामधली रिकामी जागा बघून तो गोंधळला आणि चौकशीला आत शिरू लागला. बायका वाट बघतच होत्या. त्याला दारातच घेरलं. एकीने छत्री काढून घेतली, उघडली, झटकली. आत वायरलेस आहे असं कोणीतरी पसरवलं होतं. निघाली ती फक्त एक काडी, तीही मोडकी. मी पुढे होऊन साहेबी आवाजात विचारलं की ह्या माणसाच्या फोटोत तुम्हाला एवढा रस का?

तो म्हणाला, "कोणता माणूस? मी कोट बघत होतो. तो कोट माझा आहे."

मग हळूहळू बाहेर आलं. हा गिरगावातला एक कारकून. सासरे लालबागला आजारी, त्यांना बघायला रोज संध्याकाळी यायचा. एके दिवशी चालता चालता त्याला शोकेसमध्ये आपला लग्नातला कोट दिसला. मधलं बटण तुटल्यावर त्याच्या बायकोने वेगळं, फिकट बटण लावलं होतं, ते फोटोतही तस्संच. कोट तो धुवायला आणि इस्त्रीला गिरगावच्या लाँड्रीत टाकायचा, आणि लाँड्रीवाला दर वेळी 'उद्या या' म्हणायचा. ते उद्या का म्हणायचा ते आता कळलं. आमचा फोटोवाला एव्हाना पडद्यामागे जाऊन कसलीतरी बाटली शोधू लागला होता. स्टुडिओचा म्हणून जो कोट अर्ध्या लालबागने अंगात घालून फोटो काढले, तो लाँड्रीतून येत होता. कोणाचे कोणाचे कोट कोणाच्या फोटोत गेले असतील ह्या विचाराने तिथे उभ्या असलेल्या सगळ्या बायका आपापल्या लुगड्यांकडे बघू लागल्या.

त्याने प्रत घेतली होती ती लाँड्रीवाल्याच्या तोंडावर मारायला. पत्ता मागितला तर लगेच दिला. घरी या म्हणाला, चहा घ्या म्हणाला.

झालं, संपलं, असं मला वाटलं. मामीला नाही. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सीआयडी काय आपण सीआयडी म्हणान सांगतलो? आणि पत्तो इतक्या चटकन कोण देता?" तो फोटो हातात येईपर्यंत मामा प्रभादेवीहून हलणार नाही, असं तिने ठरवून टाकलं. तिकडून मामाचा निरोप आला होता की बहिणीच्या घरी दोन्ही वेळा पडवळ असतं, आणि गिरणीतून खाडे पडल्याची विचारणा झाली आहे. आता आलो नाही तर साचा गेला. मामीने तो निरोप ऐकला आणि मला ट्रामकडे ढकललं.

गिरगावातली ती चाळ आतल्या बाजूला होती. जिना अंधारा. मी मागे कोणी येतंय का बघत चढलो. दार कारकुनानेच उघडलं. खोली साधी, खाट, पाण्याचा माठ, खुंटीला लाँड्रीतून सुटून आलेला तोच काळा कोट, फिकट बटणासकट. त्याच्या बायकोने चहा दिला. मी तिने तोच चहा आधी नवऱ्याला दिला की नाही ते पाहून मगच प्यालो.

मग मी आमच्या फोटोचं विचारलं. मामीच्या नावाने, मामाच्या नोकरीच्या नावाने, हात जोडून. कारकून म्हणाला, फोटो तुम्हाला देता येणार नाही. मी मनात म्हटलं, मामीचं खरं निघालं, फोटो पोलीस ठाण्यात पोचला. मी जागचा उठलो तर त्याने भिंतीकडे हात केला.

तिथे नवी कोरी फ्रेम होती. फ्रेममध्ये धबधबा. खांब. काठी. काळा कोट. आणि कोटाच्या वर, जरा वाकडं चिकटवलेलं, मानेशी कात्रीची रेघ स्पष्ट दिसणारं, त्या कारकुनाचं स्वतःचं डोकं, टोपीसकट. त्याच्या लग्नात ठरवलेला फोटोवाला आलाच नव्हता. कोट एवढा हौसेने शिवला आणि त्यात फोटो नाही ही त्याच्या बायकोच्या मनातली खंत. ऑफिसच्या कसल्यातरी ग्रुप फोटोतून त्याने आपलं डोकं कापलं आणि इथे बसवलं. बायको पदराने फ्रेमची काच पुसत होती आणि चांगलीच खूश होती.

मी जवळ जाऊन बघितलं. मिशीचा केससुद्धा कुठे शिल्लक नव्हता. तरी मामीला घरी जाऊन काय सांगायचं ते पक्कं हवं, म्हणून विचारलं, "ह्याच्या जागी आमच्या मामाचं डोकं होतं, ते कुठाय?"

कारकुनाने बशीतला उरलेला चहा संपवला.

"ते माझं नव्हतं," तो म्हणाला. "केरात टाकलं."